गटप्रमुखाचं नाव

बल्लारपूरला आत्याबाईच्या घरी मी तीन वर्षं राहिले. त्या घराची पहिली आठवण कोणती असं विचाराल, तर वास. पेपर मिलचा वास. शिजलेल्या बांबूचा आणि कसल्यातरी औषधाचा मिळून एक जडसर, आंबूस वास यायचा. वारा फिरला की तो घरात शिरायचा, आणि मग भातालाही तोच, उशीलाही तोच. आत्याबाईला विचारलं तर ती म्हणायची, "कोणता वास? मले तं काई येत नाई." तिला खरंच येत नसे, इतकी वर्षं ती तिथे राहिली होती. मलाही पहिल्या दिवाळीनंतर यायचा बंद झाला. पण सुटीत गावी गेले की आई माझी वेणी घालताना नाक मुरडायची. "पोरी, तुह्या केसाले कारखान्याचा वास येते वं." मी केस दोनदा धुवायचे, तरी ती म्हणायची येतेच. गावात मी कारखान्याची झाले होते आणि बल्लारपुरात मासोळीवाल्यांची. मधलं काही गाव असतं तर तिथे जाऊन राहिले असते.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे पत्र्याची पडवी. आत्याबाईच्या यजमानांना आमच्याकडे मामाजी म्हणायचं. ते मिलमध्ये पाळीवर होते आणि घर त्यांच्या पाळीप्रमाणे चालायचं. रात्रपाळी असली की दिवसा घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आत्याबाई कुकरची शिट्टी वाजायच्या आत चिमट्याने उचलून धरायची. मला त्या घरात कोणी कधी वाईट वागवलं नाही, हे आधी सांगते. ताटात भात कमी पडला नाही, लाखोळीचं वरण असायचं, अंबाडीची भाजी असायची, आणि मी गावावरून सुकसी आणली की, म्हणजे वाळवलेली मासोळी, आत्याबाई ती वांग्यात घालून अशी करायची की मामाजीही एक शब्द बोलून जायचे, "मस्त." पण बोलणं एवढंच. आमच्या गावच्या घरी तलावावरून आल्यावर चार बायका पडवीत बसून मासोळी साफ करायच्या आणि चौघी एकाच वेळी बोलायच्या, ऐकायचं कोणीच नाही. त्या गलक्यात वाढलेली मी. इथे मिलचा भोंगा, रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्या आणि मामाजींचं घोरणं. कधीकधी मी मोरीत भांडी घासताना स्वतःशीच बोलायचे, आवाज विसरू नये म्हणून.

कॉलेज चंद्रपूरला, विषय कॉम्प्युटर. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. डब्यात आत्याबाईने वांग्यात घातलेली सुकसी असली की झाकण उघडताच वर्गात वास पसरायचा. मला कोणी उठ म्हणालं नाही, नाकाला रुमाल लावला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. मीच पहिल्या महिन्यात एकदा उठले आणि लॅबच्या मागच्या ओट्यावर जाऊन जेवले. कोणी 'काऊन गेली?' असं विचारलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तिथेच जेवले. मग तो ओटा माझाच झाला. आज वाटतं, एखादीला वासाचं काही नसेलही. पण तेव्हा मान ताठ होती माझी. कोणी हाकलायच्या आधी आपण उठलेलं बरं, असं माझं गणित होतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला. गट हजेरी नंबरावरून पाडले, तिघातिघांचे. माझ्या गटात स्वप्नील आणि प्रणाली. स्वप्नील भद्रावतीचा, आयुध निर्माणीच्या कॉलनीत राहणारा. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची दुचाकी, आणि कोणालाही दोन मिनिटांत हसवायची कला. गटप्रमुख कोण, हे विचारायची गरजच पडली नाही. प्रणाली चंद्रपूरचीच. तिच्या वडिलांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. मोजकं बोलायची. मला ती गर्विष्ठ वाटायची.

विषय माझाच घेतला. आमच्या भागात जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, काळातले तलाव आहेत; माजी मालगुजारी म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. कोणत्या तलावात पाणी कधीपर्यंत टिकतं, कोणतं गवत वाढतं, कोणती मासोळी मिळते, हे सगळं जुन्या लोकांच्या तोंडात. ते कॉम्प्युटरवर एका जागी गोळा करायचं, शोधता येईल असं.

"तलावाचं काय करायचं वं?" स्वप्नील म्हणाला. "तलाव तं तलाव हाय."

"कोणत्या तलावात काय हाये हे कुठी लिहूनच नाई नं," मी म्हटलं.

"मंग लिव तू. तुले तं मासोळ्या नावानं वळखतात."

सगळे हसले, मीही हसले. आणि खरोखर मीच लिहिलं.

पहिले दोन महिने काम पेन ड्राइव्हवर फिरत होतं. एका फाइलचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल दोन', तिसरीचं 'खरी फायनल'. मग एके दिवशी स्वप्नीलच्या पेन ड्राइव्हमधून असा व्हायरस आला की तिन्ही गेल्या. दुसऱ्या गटांचंही तसंच झालं. तेव्हा गेडाम सरांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या सरांनी, सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून पेन ड्राइव्ह बंद."

गेडाम सर भामरागडकडचे, आमच्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठे, आणि बोलणं मोजून. लॅबच्या कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरचा त्यांनी सर्व्हर केला होता. प्रत्येक गटाचं काम आता त्याच्यावर राहणार. कोणीही काही बदललं की तिथे नोंद होणार: कोणी बदललं, केव्हा, काय, आणि दोन शब्दांत कशासाठी. चुकलं तर मागच्या नोंदीपर्यंत परत जाता येणार. या पद्धतीला गिट म्हणतात, ते तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. आणि त्या सर्व्हरमध्ये शिरायला नुसता पासवर्ड चालणार नव्हता. प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर किल्ल्यांची एक जोडी तयार करायची. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. त्यातली एक स्वतःजवळ लपवून ठेवायची, कोणालाच द्यायची नाही. "मलासुद्धा नाही," सर म्हणाले. दुसरी त्यांच्याकडे द्यायची, ती ते सर्व्हरवर बसवणार. दोन्ही जुळल्या तरच दार उघडणार.

वर्गात अर्ध्या लोकांनी तिथेच माना टाकल्या. मला मात्र ते आवडलं, का ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सरांनी मला लॅबमधला अकरा नंबरचा लावून दिला, त्यावर माझं वेगळं खातं उघडून दिलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायची, चुकलं की तो इंग्रजीत रागवायचा, मी वहीत उतरवून घ्यायचे आणि शब्दकोशात पाहायचे. पंधरा दिवस गेले. एके दुपारी किल्ली लागली आणि सर्व्हरने मला आत घेतलं. मी आजूबाजूला पाहिलं, कोणाला तरी सांगावं म्हणून. लॅबचे शिपाई नामदेवभाऊ खुर्च्या पुसत होते. "झालं काय, बाई?" ते म्हणाले. "झालं, भाऊ." "बरं झालं," म्हणाले आणि पुढची खुर्ची पुसायला गेले.

त्याच दिवशी मी ती चूक केली. पहिल्या नोंदीच्या आधी गिट एकदाच विचारतं: तुमचं नाव सांगा. ते नाव मग प्रत्येक नोंदीवर आपोआप लागतं. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या गावात तलावात मोठं जाळं सगळे मिळून ओढतात. मासोळी बांधावर आली की पळसाच्या पानांवर तिचे सारखे ढीग करतात, जितकी घरं तितके ढीग, आणि एक म्हातारा एकेका ढिगावर बोट दाखवून नाव पुकारतो. नाव घरच्या पुरुषाचं. माझ्या बाबांचा पाय मी लहान असतानाच अधू झाला होता, ते पाण्यात उतरत नसत. पहाटेपासून कमरेएवढ्या पाण्यात असायची ती आई. पण पुकारा व्हायचा "सदाशिव!" आणि आई उठून ढीग उचलायची. तिला त्यात काही खटकलेलं मी पाहिलं नाही. मलाही खटकलं नव्हतं. नाव घराचं. काम कोणी केलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, ते आणखी सांगायचं काय?

तर पडद्याने नाव विचारलं आणि मी गटप्रमुखाचं नाव टाकलं. स्वप्नीलचं. घटकाभरही थांबले नाही. पुढे रोज नोंदींची यादी उघडायची, रोज त्यात स्वप्नील, स्वप्नील, स्वप्नील असं दिसायचं, आणि मला ते जागच्या जागी वाटायचं. आता हेच काम माझ्या पोटापाण्याचं आहे. नवीन कोणी आलं की मी त्याच्या खांद्यावरून पाहते, नाव कोणाचं टाकलं म्हणून. त्यांना वाटतं बाई फार कडक आहेत.

बाकी दोघांच्या किल्ल्याही मीच करून दिल्या. स्वप्नीलच्या लॅपटॉपवर कॅन्टीनमध्ये बसून, तो चहा पीत असताना. प्रणालीसाठी तिच्या दुकानात गेले. दुकान लहानच, झेरॉक्स मशीनची ऊब आणि शाईचा वास. तिचे वडील काउंटरवरून म्हणाले, "ये बाई, बस. प्रणाली, पाणी आण तिले." मी त्यांच्या कॉम्प्युटरवर किल्ली तयार केली, जोडीतली सरांना द्यायची किल्ली उतरवून घेतली, ओळखीसाठी तिची खूण, म्हणजे थोडी अक्षरं, वहीत लिहिली, आणि लपवलेल्या किल्लीला एक परवलीचं वाक्य घालायला सांगितलं.

"इतकं काऊन करा लागते?" प्रणालीने विचारलं.

"आपलं काम कोणी बिघडवू नये म्हणून."

"आपलं कोण बिघडवते?"

मला वाटलं टोमणा मारते आहे. "सरांनं सांगितलं हाये," मी म्हटलं आणि वही मिटली.

"थांब नं, जेवून जा," ती म्हणाली.

"माझी गाडी हाये."

गाडीला दीड तास होता. मी स्टेशनवर बाकावर बसून राहिले. समोरच्या बाकावर एक कुटुंब पुरीभाजी खात होतं. मी दुसरीकडे तोंड केलं.

त्यानंतर हिवाळाभर अकरा नंबरचा कॉम्प्युटर आणि मी. वर्ग सुटले की लॅबमध्ये जायचं, परवलीचं वाक्य टाइप करायचं. माझं वाक्य म्हणजे चार मासोळ्यांची नावं ओळीने, डाडक, बोटरी, मरळ, कटवा, कोणाच्या बापाला सुचणार नाही असं. मग गाडीच्या वेळेपर्यंत काम. पानं बनवली, शोधायची सोय केली, शनिवारी-रविवारी गावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारून तलावांची माहिती आणली. स्वप्नील भेटला की लांबूनच ओरडायचा, "काय वं, चालून राह्यलं न आपलं काम?" मी म्हणायचे, "चालून राह्यलं." प्रणाली वर्गात पुढच्या बाकावर बसायची आणि मागे पाहायची नाही. मीही तिच्या बाकापर्यंत गेले नाही. येशील का, असं विचारायला तोंडच उघडत नसे. हिला गरज नाही तर मला तरी काय अडलं, असं मनात यायचं आणि मग त्या रागावर चार-पाच दिवस काम छान व्हायचं.

नामदेवभाऊ कुलूप लावायला यायचे. "बाई, तुह्ये जोडीदार कुठी हायेत?"

"येऊन गेले, भाऊ. आत्ताच."

त्यांनी दिवसभर दारात स्टूल टाकलेलं असायचं. कोण आलं, कोण गेलं, त्यांना सगळं माहीत. "बरं," म्हणायचे. फोनवर आईही विचारायची, "संगं कोन असते?" "दोघंजणं हायेत नं, आमी तिघं बसतो." "मंग बरं हाये, माय." तिला बरं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर क्षणभर मलाही वाटायचं की तिघं बसतो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक आले होते. आम्ही तिघं ओळीत उभे. त्यांनी प्रोजेक्ट पाहिला, दोन तलाव शोधून पाहिले, मान हलवली. मग नोंदींची यादी उघडली आणि बराच वेळ खाली-खाली जात राहिले.

"स्वप्नील कोण?"

"मी, सर."

"चांगलं काम केलंय तुम्ही. जवळजवळ रोज. बाकी दोघी?" त्यांनी कागदावर पाहिलं. "रेखा, प्रणाली. तुमच्या नावावर एकही नोंद नाही. नोंद नाही तर मी गुण कशाचे देऊ?"

प्रोजेक्टमध्ये नापास म्हणजे पदवी नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाबांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी या वर्षी निघते म्हणून. मी स्वप्नीलकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्याचं नाव पुकारलं गेलं होतं, तो उठून उभा होता, एवढंच.

"सर, काम मी केलं," मी म्हटलं. "नाव मीच टाकलं त्याचं. गटप्रमुख म्हणून."

परीक्षक हसले. "स्वतः काम करून नाव दुसऱ्याचं कोण टाकतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्या खोलीत ते सांगायला मला अर्धा दिवस लागला असता, आणि आईला मध्ये आणावं लागलं असतं.

तेव्हा मागे बसलेले गेडाम सर उठले. "नाव कोणीही टाइप करू शकतं, सर," ते परीक्षकांना म्हणाले. "किल्ली तशी टाइप करता येत नाही." त्यांनी समजावून सांगितलं की नोंदीवरचं नाव म्हणजे नुसती अक्षरं, माणूस जे लिहील ते. पण सर्व्हर स्वतःची एक वेगळी यादी ठेवतो: दार कोणत्या किल्लीने उघडलं, केव्हा उघडलं. ती यादी त्यांनी कधी कोणाला दाखवली नव्हती. आता ती छापायला लावली. प्रिंटर एकेक पान बाहेर टाकत होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो. सरांनी पानं वरवर चाळली, काही ओळींना पेन लावलं आणि मला म्हणाले, "अकरा नंबर उघड." मी बसले. परवलीचं वाक्य टाइप करताना बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा दार उघडलं. सरांनी किल्लीच्या खुणेची शेवटची अक्षरं मोठ्याने वाचली आणि परीक्षकांनी ती कागदाशी ताडून पाहिली. प्रत्येक नोंद सर्व्हरवर गेली होती ती माझ्या किल्लीने.

"सर," स्वप्नील पटकन म्हणाला, "आमी तिघं तिच्याच कॉम्प्युटरवर बसत होतो. एकत्र."

प्रणाली खाली पाहत होती.

गेडाम सर माझ्याकडे वळले. "असं असू शकतं. एका कॉम्प्युटरवर तिघं बसले तर किल्ली एकच दिसणार. असं होतं तर तिघांनाही गुण. तू सांग."

हो म्हणायला मला काहीच कष्ट नव्हते. हिवाळाभर तेच तर सांगत आले होते, नामदेवभाऊंना, आईला. आम्ही तिघं बसतो. जिभेवर तयार होतं. तिघंही पास झालो असतो, कदाचित बाहेर जाऊन चहा प्यायलो असतो. पण ते कागद टेबलावर पडले होते, ओळीखाली ओळ, एकेक संध्याकाळ. मला एकदम त्या सगळ्या संध्याकाळींचा राग आला.

"नाई सर," मी म्हटलं. "मी एकटीच होती. कोणी येत नव्हतं."

हे मी पहिल्यांदाच कोणापुढे तरी बोलले. मग रडू फुटलं आणि मी तोंडावर हात धरला. परीक्षक चष्मा पुसायला लागले. मला गुण मिळाले, चांगले मिळाले. त्या दोघांनी पुढच्या सत्रात वेगळं काम करून पुन्हा यायचं, असं ठरलं.

बाहेर पायऱ्यांवर स्वप्नील भेटला. रागात नव्हता, थकलेला दिसत होता. "तुले पास व्हायचं होतं, तू तं झालीच असती, रेखा. आमाले संगं घेऊन झाली असती. तुह्यं काय गेलं असतं?"

"तू एक दिवस जरी आला असता तं मी हो म्हटलं असतं."

हे मला त्या वेळी फार नेमकं बोलल्यासारखं वाटलं. स्टेशनपर्यंत मी तेच मनात घोळवत गेले.

सरांनी ती पानं मला देऊन टाकली होती. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी पानं मांडीवर घेऊन वाचायला लागले, स्वतःचं प्रमाणपत्र वाचावं तशी. ही ओळ ज्या दिवशी शोधायची सोय पहिल्यांदा चालली. ही ताप अंगात असतानाची. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि किल्लीची खूण, तीच अक्षरं, माझी. तिसऱ्या पानावर मात्र एका ओळीत अक्षरं वेगळी होती. मला वाटलं छपाईची चूक. मग वही काढली, कारण तिन्ही खुणा मी वहीत उतरवलेल्या होत्या. ती प्रणालीची किल्ली होती. एका दुपारी ती आत आली होती, सगळं काम आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं आणि निघून गेली होती. लिहिलं काही नव्हतं. त्या आठवड्यात मी मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे भरणाऱ्या जत्रेसाठी, गावी होते. सरांनी फक्त लिहिणाऱ्या ओळींना पेन लावलं होतं, ही तशीच राहिली होती.

कोणी येत नव्हतं, असं मी भर खोलीत सांगून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी आधी सरांकडे गेले. त्यांनी ओळ पाहिली. "आली, पाहिलं, गेली," ते म्हणाले. "याच्यावर गुण देता येत नाहीत." मग मी दुकानात गेले. तिचे वडील नव्हते. प्रणाली कोणाचा तरी फॉर्म भरत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू आत आली होती."

"हो."

"मंग काई केलं काऊन नाई? मले बोलली काऊन नाई?"

तिने फॉर्मवरून नजर काढली नाही. "काय बोलू? उघडून पाहिलं तं वरून खालपर्यंत स्वप्नील, स्वप्नील. मले वाटलं तुमी दोघं मिळून करून राह्यले. मले कोणी बोलावलं नाई." मग म्हणाली, "मी तं एक पान करून ठेवलं होतं. तुमच्यात ते कुठी घालू, समजलं नाई."

तिने ते उघडून दाखवलं. मासोळ्यांची चित्रं होती, तिने स्वतः माउसने काढलेली, एकेका मासोळीखाली नाव. माझ्या यादीतली सगळी नावं. किती दिवस बसली असेल कोण जाणे. खवले एकेक काढले होते.

"मरळले मिशा नसतात," मी म्हटलं.

"मी कुठी पाहिली मरळ? तुलेच विचारलं असतं."

"दे, मी टाकतो आत. आजच टाकतो. तुह्या नावानं."

"आता काय करतं टाकून?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आली, आणि प्रणालीने ते पान बंद केलं व मशीनकडे वळली. मी थोडा वेळ उभी राहिले. मग आणखी दोन गिऱ्हाइकं आली.

प्रणाली पुढच्या सत्रात पास झाली, स्वप्नीलही झाला. तिचं लग्न होऊन ती वर्ध्याकडे गेली, आणि ते दुकान आता तिथे नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाबांनी बांधावर पेढे वाटले, लंगडत, स्वतःच्या हाताने. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. त्या प्रोजेक्टची पूर्ण प्रत माझ्याकडे आहे. नोंदींवरचं नाव बदलता येतं, सर दाखवायलाही तयार होते, पण मी नको म्हटलं; चूक माझीच होती, ती दिसत राहू दे. अजून वर्षातून एखादवेळी उघडून पाहते. तलाव आहेत, गवतं आहेत, शोधलं की सापडतं, सगळं चालतं. मासोळ्यांची नुसती नावं आहेत, एकाखाली एक. चित्रं कुठेच नाहीत.